तेलाची कुपी आणि लावलेले दार

(समाजकार्याचे शिक्षण घेऊ इच्छिणारे तरुण, त्यांचे आईवडील आणि रविवारच्या शाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७. सोबत वाचावे : नहेम्या २:११-१८, लूक १०:२५-३७, लूक १७:११-१९.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सुटीतल्या बायबल शाळेचा समारोप झाला. चटया गुंडाळता गुंडाळता आमच्या मंडळीतील एक मुलगी मला म्हणाली, "काका, मला बी.एस.डब्ल्यू. करायचे आहे." मुलगी नुकतीच बारावी झालेली, चार वर्षे लहान मुलांचा वर्ग सांभाळणारी. मी "छान" म्हणालो खरा. पण पुढच्या रविवारी उपासनेनंतर अंगणात जे बोलणे झाले ते ऐकून मला या विषयाचा नीट विचार करणे भाग पडले. तिची आई म्हणाली, "लोकांची सेवा करायला कॉलेजात कशाला जायला पाहिजे? मंडळीत सेवा आहेच की, आणि ती फुकट होते." पंचकमिटीच्या एका सभासदाने पगार किती मिळतो ते विचारले. एक मावशी म्हणाल्या, "त्यापेक्षा नर्सिंगला घाला, परदेशी तरी जाईल." आणि आमचे एक जुने शिक्षक, ज्यांच्या भक्तिभावाविषयी कोणालाही शंका नाही, ते म्हणाले, "प्रार्थना आणि प्रीती असली म्हणजे झाले. प्रीती शिकवायचे कॉलेज अजून निघालेले नाही."

हे शेवटचे वाक्य मला पुष्कळ दिवस टोचत राहिले, कारण ते अर्धे खरे आहे. प्रीती कॉलेजात शिकवत नाहीत. पण प्रीती असलेल्या माणसाच्या हातूनही दुसऱ्याचे घर मोडू शकते, आणि ते मोडू नये म्हणून काय करावे हे मात्र शिकावे लागते. या पाठात मला एवढेच मांडायचे आहे. त्यासाठी आपण अलीशाच्या चरित्रातील एका लहानशा प्रसंगाकडे वळू.

संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे रडत आली. तिचे यजमान देवाला भिऊन वागणारे होते, हे अलीशालाही ठाऊक होते. तरी पाठीमागे कर्ज राहिले होते, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला होता. वाचकांनी येथे थोडे थांबावे. हे घर कोणा बाहेरच्याचे नव्हे. आजच्या भाषेत हे मंडळीच्या सेवकाचे घर आहे. घरधनी धार्मिक होता म्हणून घरावर संकट आले नाही असे शास्त्र म्हणत नाही. आपण मात्र पुष्कळदा तसे धरून चालतो, आणि म्हणून ज्यांच्या घरी अडचण असते ते उपासनेला यायचे टाळू लागतात.

या सात वचनांत मुले आहेत, कुटुंब आहे आणि शेजारपाजारही आहे. तरुणांना, कुटुंबांना आणि वस्तीला आधार देण्याचे काम ज्याला करायचे आहे त्याने हा उतारा पुन्हा पुन्हा वाचावा. पहिली गोष्ट अशी की, अलीशा लगेच काही देत नाही. तो दोन प्रश्न विचारतो. तुझ्यासाठी मी काय करू, हा पहिला. आणि घरात तुझ्याजवळ काय आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात तिची इच्छा विचारली आहे, दुसऱ्यात तिची शक्ती. आपण दोन्ही विचारत नाही. आपण पिशवी घेऊनच जातो. तांदूळ, डाळ, साखर, वर एक जुनी साडी, आणि निघताना प्रार्थना. त्या बाईला पिशवीची गरज होती की मुलाच्या शाळेच्या दाखल्याची, हे विचारायचे राहूनच जाते.

तिचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. घरात काहीच नाही, असे ती आधी म्हणते, आणि मग तेलाच्या एका कुपीची आठवण तिला होते. संकटातल्या माणसाला आपल्याजवळ काय आहे ते चटकन दिसत नाही; कोणीतरी शांतपणे विचारावे लागते आणि उत्तरासाठी थांबावे लागते. समाजकार्याच्या वर्गात पहिल्या वर्षी मुलाखत कशी घ्यावी हे शिकवतात, तेव्हा गप्प बसून वाट पाहायलाही शिकवतात असे या मुलीने मला नंतर सांगितले. आम्हा उपदेशकांना हा धडा फार अवघड जातो, हे कबूल केले पाहिजे.

मग अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. शेजाऱ्यांकडून तेल मागायचे नाही, पैसे मागायचे नाहीत, भांडी मागायची. भांडे उसने देण्यात कोणाला जड वाटत नाही आणि मागण्यात कोणाची मान खाली जात नाही. वस्तीला कामाला लावायचे तर असे लावावे. त्यानंतर तो सांगतो की घरात जाऊन आपल्यामागे दार लावून घे. चमत्कार होताना संदेष्टा स्वतः तेथे नाही. शेजारी नाहीत, गर्दी नाही. फक्त आई आणि दोन मुले. आणि ज्या मुलांना सावकार नेणार होता तीच मुले भांडी पुढे करीत आहेत. आपल्या सुटकेच्या कामात त्यांचे हात लागले आहेत. शेवटी ती पुन्हा अलीशाकडे येते, तेव्हा तो कर्ज फेडायला सांगतो आणि उरलेल्यावर तुझा व मुलांचा निर्वाह कर, असेही सांगतो. आजचे संकट टळले म्हणजे काम संपले असे तो धरीत नाही.

चमत्कार देवाचा होता, विचारपूस संदेष्ट्याची होती. चमत्कार आपल्या हाती नाही. विचारपूस आपल्या हाती आहे, आणि ती चांगली करता येते तशी वाईटही करता येते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

मी विशीत होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या वर्गात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. हुशार, वचने तोंडपाठ. काही महिन्यांत तो मागे बसू लागला, बोलेनासा झाला. एका रविवारी वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबवले. "काय झाले, सांग. मी कोणालाही सांगणार नाही," असे वचन दिले. त्याने सांगितले की वडील पिऊन येतात आणि पट्ट्याने मारतात. मला रडू आले. मी त्याच्यासोबत प्रार्थना केली. आणि बुधवारी प्रार्थनासभेत उभे राहून मी "आपल्यातील एका घरासाठी, जेथे दारूमुळे एका कोवळ्या मुलाला मार बसत आहे" अशी विनंती मांडली. नाव घेतले नाही. पण मंडळी चाळीस घरांची. नाव घ्यायची गरजच नव्हती. गुरुवारी त्या मुलाला पूर्वी कधी बसला नसेल एवढा मार बसला. नंतरच्या रविवारी तो आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. पुढे तो मामाकडे राहायला गेल्याचे कळले. एकदा बसस्थानकावर दिसला. मला ओळखून त्याने तोंड फिरवले.

त्या वेळी माझ्यात प्रीती कमी होती असे मला आजही वाटत नाही. मला काय करावे ते ठाऊक नव्हते. पाळता येणार नाही असे गुपिताचे वचन मुलाला देऊ नये, हे ठाऊक नव्हते. प्रार्थनेची विनंती म्हणजे बातमी होऊ शकते, हे ठाऊक नव्हते. कोणाकडे जावे, कोणत्या क्रमाने जावे, आईशी आधी बोलावे की नाही, मुलगा त्या रात्री सुरक्षित राहील का हे कसे पाहावे, यांतले काहीच नाही. अलीशाने दार लावून घ्यायला सांगितले होते. मी दार सताड उघडून दिले. पुढे ईश्वरज्ञानाची पदविका घेताना मला ग्रीक शब्दांची रूपे शिकवली गेली, उपदेशाची मांडणी शिकवली गेली. दार केव्हा लावावे, हे तेथेही कोणी शिकवले नाही.

मग हे कोठे शिकवतात? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकवतात, आणि त्याची रीत पाहिली की मला सुतारकाम शिकण्याची आठवण होते. अर्धे वर्गात, अर्धे हाताने. व्यक्तीला साहाय्य करण्याचे कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन अशा त्याच्या जुन्या मुख्य शाखा. त्याच्या जोडीला मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे, सरकारी योजना, संशोधनाची पद्धत. पण खरे शिक्षण क्षेत्रकार्यात होते. बहुतेक महाविद्यालयांत आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या रुग्णालयात, शाळेत, वस्तीत किंवा बालगृहात काम करावे लागते. प्रत्येक भेटीनंतर अहवाल लिहायचा : मी काय विचारले, समोरचा काय म्हणाला, मला आतून काय वाटले, मी कोठे चुकलो. तो अहवाल शिक्षक वाचतात आणि विद्यार्थ्याला समोर बसवून एकेका वाक्याचा हिशेब मागतात. आमची मुलगी पहिल्या वर्षी अशा एका बैठकीनंतर रडत घरी आली होती. तिने एका आजारी बाईला "सर्व ठीक होईल, काळजी करू नका" असे सांगितले होते, आणि बाईंनी तिला विचारले होते, "तुला कसे माहीत?"

हा प्रश्न मी माझ्या उपदेशाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

नहेम्याही असाच वागला. यरुशलेमेस पोहोचल्यावर त्याने लगेच भाषण केले नाही. तीन दिवस थांबला, रात्री थोडे लोक बरोबर घेऊन निघाला आणि पडलेला कोट फिरून पाहिला. एके ठिकाणी तर त्याच्या जनावराला जायला वाट नव्हती, एवढा बारकावा तेथे नोंदला आहे. आधी पाहणी, मग बोलणे, मग बांधकाम.

आता कोणी म्हणेल, ही सारी नव्या जमान्याची, बाहेरची विद्या आहे. आपला तिच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे, आणि आपल्या लोकांना तो माहीत नसावा याचे मला आश्चर्य वाटते. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १९२५ साली मुंबईस आले. गिरणी कामगारांच्या आणि गरीब वस्तीच्या भागात त्यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस उभे केले. तेथे काम करताना त्यांना जाणवले की चांगल्या मनाचे कार्यकर्ते पुष्कळ आहेत, शिकलेले कार्यकर्ते नाहीत. १९३६ साली सर दोराबजी टाटा न्यासाच्या आधाराने समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा सुरू झाली ती या नागपाड्याच्या घरातच, आणि तिचे पहिले संचालक मॅन्शार्टच होते. तिलाच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव आहे. म्हणजे भारतात या शिक्षणाचे रोप प्रथम वाढले ते ज्या मिशनने अहमदनगरच्या व मुंबईच्या आपल्या मंडळ्या वाढवल्या त्याच मिशनच्या अंगणात. सुरुवातीला तेथेही पदविकाच मिळत असे, हे वाचून माझ्यासारख्या पदविकावाल्याला थोडे बरे वाटले.

त्याच्याही आधीचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. मुक्तिसदन म्हटले की आपल्याला त्यांची प्रार्थना आठवते, त्यांचा विश्वास आठवतो. त्यांचे विद्यार्थिदशेतले दिवस आपण विसरतो. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या व शिकवल्या. १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्यावर त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. इतके करून मग १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदासदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावात आल्या, तेव्हा त्यांना केवळ अन्न देऊन भागणार नाही, त्यांना कसे शिकवायचे, हाताला काय काम द्यायचे, हे ठरवणारी बाई तयार होती. तिची तयारी आधीच्या वर्षांत झाली होती.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी आता कायद्याविषयी थोडे. हे वाचायला रुक्ष वाटेल, पण कृपा करून वगळू नये. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, तो २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळेल, किंवा होण्याची शक्यता दिसेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. "ज्याला कळेल" यात पाळक आले, रविवारच्या शाळेचे शिक्षक आले, वसतिगृहाचे रेक्टर आले. मंडळीचे नाव खराब होईल, मुलीचे लग्न जमणार नाही, आपसात मिटवू, ही कारणे कायद्याला मान्य नाहीत. न कळवणे हाच गुन्हा आहे. मारहाण, उपासमार, मुलाला टाकून देणे किंवा कामाला जुंपणे यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्याप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समिती असते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वेळी मला हा क्रमांक माहीत असता तर, असा विचार मनात येतो. असो. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर सुवर्णवचनाखाली हा क्रमांक लिहून ठेवावा, मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आणि मुलाने काही सांगितलेच तर काय म्हणावे? या मुलीने आम्हा शिक्षकांना साधे शब्द शिकवले : "तू सांगितलेस ते बरे केलेस. यात तुझी चूक नाही. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका योग्य माणसाला सांगावे लागेल, आणि ते कोण ते मी तुला आधी सांगेन." खोदून खोदून विचारू नये, ते काम शिकलेल्या माणसाचे.

याच संदर्भात एक कठीण प्रश्न आमच्या पालकसभेत निघाला. ख्रिस्ती मुलगी हे काम करणार तर तिने साक्ष द्यायची की नाही? समाजकार्याच्या शिक्षणात असे शिकवतात की समोरच्या माणसाने आपला निर्णय आपण घ्यावा. कार्यकर्त्याने आपली मते त्याच्यावर लादू नयेत. काहींना हे विश्वासाशी तडजोड केल्यासारखे वाटले. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, एकच परत आला. बाकी नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले, पण त्या नवांचे बरे होणे परत घेतले नाही. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला तू कोणत्या डोंगरावर उपासना करतोस असे विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, आणखी लागले तर परत आल्यावर देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. दुसऱ्याच्या अडचणीला दोरी बांधून त्याला आपल्याकडे ओढणे ही साक्ष नव्हे. ज्या रुग्णालयात ही मुलगी क्षेत्रकार्य करते तेथे तिच्या गळ्यातला लहान क्रूस सर्वांना दिसतो, आणि तिचे काम कसे आहे तेही दिसते. या मुद्द्यावर आमच्यात सर्वांचे एकमत झाले नाही, आणि वाचकांतही होणार नाही. तरी वर्गात याची चर्चा अवश्य करावी.

आता थोडे व्यवहाराचे. बी.एस.डब्ल्यू. बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून करता येते. एम.एस.डब्ल्यू. पदवीनंतर दोन वर्षांची. तिला बहुतेक ठिकाणी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेलेही चालतात. आपल्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना यासाठी मुंबई-पुण्याकडेच डोळे लावून बसण्याचे कारण नाही. वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि ती देशातील जुन्यांपैकी आहे. इंदूरचे स्कूल ऑफ सोशल वर्क १९५१ चे. हैदराबादेत रोडा मिस्त्री महाविद्यालय आहे, पणजीला डॉन बॉस्को महाविद्यालय आहे, आमच्या बाजूला धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आहे. प्रवेशपरीक्षा कोठे असते, कोठे नसते. अर्ज भरण्याआधी त्या त्या ठिकाणी विचारावे. संस्थेला विद्यापीठाची मान्यता आहे का हे मात्र स्वतः पाहावे. सहा महिन्यांत "समुपदेशक" करून देणाऱ्या जाहिराती पुष्कळ असतात. सरकारी आणि रुग्णालयातील पदांसाठी ती प्रमाणपत्रे चालत नाहीत.

पगाराचे विचारणाऱ्या गृहस्थांनाही उत्तर दिले पाहिजे, कारण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. रुग्णालयांत वैद्यकीय समाजकार्यकर्ते असतात, शाळांत समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षात, बालगृहांत, कुटुंब सल्ला केंद्रांत पदे असतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या समाजोपयोगी विभागांतही माणसे लागतात. पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि कितीतरी पदे कंत्राटी असतात. घरावर कर्ज असेल तर मुलाशी आणि मुलीशी हे आधीच मोकळेपणाने बोलावे. शिवाय हे काम माणसाला थकवते. एलीया झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. असे काम करणारे तरुण आपल्या मंडळीत असतील तर रविवारी त्यांच्यावर आणखी तीन कामे लादू नयेत.

एका गोष्टीत मात्र आपली मुले इतरांपेक्षा पुढे आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलाखतीत या मुलीला विचारले गेले की तुझ्याजवळ असे काय आहे जे या कामात उपयोगी पडेल. ती गोंधळली, "विशेष काही नाही" म्हणाली. मग कोणीतरी तिला किती भाषा येतात ते विचारले. घरी मराठी, शाळेत व बाजारात कन्नड, शेजारच्या काकूंशी कोंकणी, गल्लीत हिंदी-उर्दू, आणि पुस्तकातले इंग्रजी. हे तिने कधी मोजलेच नव्हते. आम्ही सीमेवरचे लोक याला अडचण समजत आलो : ना धड इकडचे, ना धड तिकडचे. पण रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात खानापूरच्या म्हातारीला आणि गोकाकच्या मजुराला तिच्या तिच्या, त्याच्या त्याच्या बोलीत "काय झाले?" विचारणारी तीच एक होती. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथल्या आपल्या घरांतही अशी कुपी कोनाड्यात असणारच.

आता तिच्या घरचे. आईची समजूत उपदेशाने पटली नाही. ती पटली शेजारच्या मुलीमुळे, जिने परीक्षेत नापास झाल्यावर जीव द्यायचे बोलून दाखवले आणि जिच्याजवळ रात्रभर बसून हिने सकाळी तिला व तिच्या आईला डॉक्टरांकडे नेले. आमच्या मंडळीचा शिक्षणनिधी आजवर नर्सिंगच्या आणि ईश्वरज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दिला जाई. तो या शिक्षणालाही द्यावा असा ठराव मी मांडला. तो एका मताने मंजूर झाला. जुन्या शिक्षकांनी विरुद्ध मत दिले आणि सभा संपल्यावर तिच्या बसच्या पासाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या पाठाला वर्गात सात वचने वाचून झाल्यावर मुलांना त्या दोन मुलांच्या जागी उभे करा. सावकार दाराशी आहे. तुम्हाला कोणी काय विचारलेले आवडेल? कोणी काय केलेले मुळीच आवडणार नाही? माझ्या वर्गातल्या एका दहा वर्षांच्या मुलाने सांगितले, "सर, सगळ्यांसमोर आमच्यासाठी टाळ्या वाजवलेल्या आवडणार नाही." टाळ्या आपण केव्हा वाजवतो ते मला लगेच कळले नाही.

ते गेल्या नोव्हेंबरच्या शिक्षकसभेत कळले. ही मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. नाताळच्या मदतीचा विषय निघाला तेव्हा तिने हात वर केला. दरवर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी आपण गरजू कुटुंबांची नावे वाचतो, ती पुढे येतात, पिशवी घेतात, आणि मंडळी टाळ्या वाजवते. "काका," ती म्हणाली, "ती यादी वाचलीच पाहिजे का?" सभेत शांतता पसरली. ती यादी सोळा वर्षे मीच वाचत होतो, खड्या आवाजात.

हिशेब कसा ठेवायचा, देणगीदारांना काय दाखवायचे, यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी पाळकसाहेबांनी यादी मागून घेतली आणि घडी करून शास्त्राच्या पुस्तकात ठेवली. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे स्कूटरवरून पिशव्या पोहोचवायला निघालो. तिसऱ्या घरी एका आजींनी आम्हाला आत घेतले आणि दार लावले. पिशवी त्यांनी उघडून पाहिली नाही. चहा टाकला, आणि मी विचारण्याआधीच आपल्या नातवाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. चार वर्षे मी त्यांचे नाव वाचत होतो; त्यांना नातू आहे हे मला माहीत नव्हते.